डोंगरावरची टोपी

पानोहोरी,
झावळ्यांचा रविवार, ४ एप्रिल २००४

प्रिय सारांतिस,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. वासोला आणि मुलांना माझी आठवण सांग.

तुझं पत्र बसवाल्या पांदेलीसनं गुरुवारी हातात दिलं. मी फोन उचलत नाही अशी तुझी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, लहानपणापासून आपलं असंच चालत आलंय. कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही, म्हणून लिहिते.

इकडे तीन दिवस दक्षिणेचा वारा होता. आफ्रिकेची लाल माती आली आणि वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. खाली तुमच्या मिक्रोयालीला लाटा हॉटेलांच्या खुर्च्यांपर्यंत चढल्या म्हणे; आमच्याकडे समुद्र तेल ओतल्यासारखा. उन्हाळ्यात सगळं उलटं होईल. तुमचे पाहुणे छत्रीखाली आइस्क्रीम खात बसतील, आणि त्याच वेळी आम्ही इथे डोक्याचा रुमाल उडू नये म्हणून तो दातांत धरून चालू. मध्ये एक डोंगर आणि बसनं दोन तास, एवढंच अंतर. पण माणसंसुद्धा त्या त्या हवेसारखी झाली आहेत. तुमच्याकडे काही मागितलं तर आधी ‘हो’ म्हणतात आणि मग जमेल का ते बघतात. आमच्याकडे आधी ‘नाही’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी काहीच न बोलता वस्तू उंबऱ्यावर आणून ठेवतात. तू इथेच जन्मलास, पण लग्न करून खाली गेलास आणि सहा महिन्यांत त्यांच्यासारखं बोलायला लागलास. आईला त्याचं केवढं कौतुक. म्हणायची, “माझ्या पोराच्या तोंडात आता ऊन आलंय.”

पाच शेळ्या व्यायल्या. चीज यंदा बरं उतरलंय. स्त्रातिस म्हातारा होडीतून उतरताना पडला, कमरेचं हाड मोडलं. मी सूप घेऊन गेले होते. त्याच्या सुनेनं दारातच भांडं घेतलं, आत ये म्हणाली नाही.

नवी बोट आली, तिला लेकीचं ‘फोतिनी’ नाव दिलंस, आणि खरी फोतिनी ती चालवायचा परवाना घेऊन बसली आहे, हे वाचून बरं वाटलं. आपल्या घरातली पहिली बाई कप्तान. आई असती तर चारदा क्रूस केला असता.

दुसऱ्या गोष्टीचं मात्र जमणार नाही. तू लिहितोस की पूर्वीसारखं रोज सकाळी सातला फोन करू, बेटाच्या उत्तर टोकापाशी समुद्र कसा आहे ते तू खिडकीतून बघून सांग. बारा वर्षं मी ते केलं. खालून डोंगरापलीकडचं पाणी दिसत नाही आणि माझ्या खिडकीतून दिसतं, हेही खरं. पण आता माझे डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. फोतिनीला दुसरं कुणीतरी बघून दे.

दोन मेला बोटीवर पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडतील तेव्हा यायलाही जमेलसं वाटत नाही. गुडघे दुखतात, बसची वळणं सोसत नाहीत.

ईस्टरची लाल अंडी पांदेलीसबरोबर पाठवते आहे. बारा आहेत, फुटली तर त्याला बोल लावू नकोस.

तुझी ताई,
आर्गिरो

* * *

पानोहोरी,
मंगळवार, २७ एप्रिल २००४

सारांतिस,

हे पत्र दोन तारखेच्या रविवारच्या आत तुला मिळायला हवं, म्हणून उद्या सकाळच्या बसनं पाठवते आहे. मागच्या पत्रात डोळ्यांबद्दल लिहिलं ते खोटं होतं. माझे डोळे उत्तम आहेत.

फोतिनी शनिवारी आली, ते तुला ठाऊक आहे. तूच पाठवलीस ना, आत्याला समजावून घेऊन ये म्हणून? वासोनं दिलेला बदामाचा केक आणला होता. पोरीची हनुवटी थेट आईची आहे. दुपारी जेवलो, ती बोटीबद्दल भरभरून बोलत होती. मग कॉफी झाल्यावर तिनं माझा हात धरला.

“आत्या, एक बोलू? रागावू नकोस.”

“बोल.”

“तू खाली का येत नाहीस ते मला माहीत आहे. पण ते आता मनातून काढून टाक. बाबांनी तुला केव्हाच माफ केलंय.”

मी विचारलं, “काय म्हणालीस?”

तिला वाटलं मला भरून आलंय. “खरंच. ते तुझ्याबद्दल कधी वाकडा शब्द काढत नाहीत. म्हणतात, ताईची नजर चुकली, माणसाची चुकते. वर तिनं ती चूक कबूल केली, केवढं मोठं मन तिचं.”

मी कप उचलले आणि धुवायला गेले. बराच वेळ धूत राहिले.

आता तुला ठाऊक असलेलंच मी तुला लिहिणार आहे. एखादी गोष्ट अकरा वर्षं सांगत राहिलं की सांगणाऱ्यालाच ती खरी वाटायला लागते. तुझं तसं झालं असेल अशी मला शंका येते.

१९९३ सालचा ऑगस्ट, बारा तारीख. सकाळी सातला तुझा फोन आला. मी म्हणाले, “आज येऊ नकोस. डोंगरानं उजाडायच्या आत टोपी घातली आहे. दुपारी मेल्तेमीचा वारा तुला टोकापाशी उभा राहू देणार नाही.” बाबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवलं होतं ते: शिखरावर पांढरा ढग टोपीसारखा बसला की उत्तरेचा वारा येतोच.

तू हसलास. “ताई, इथे पान हलत नाहीये. चौतीस माणसं धक्क्यावर उभी आहेत, त्यांना काय सांगू?”

“तिथलं पान इथली हवा सांगतं का?”

“बरं, बघतो,” म्हणालास आणि फोन ठेवलास.

साडेबाराला मी तुझी बोट टोकाला वळसा घालताना पाहिली. मी खिडकीतून ओरडत होते, सारांतिस. दोन मैलांवरच्या बोटीला. बोट लाटेला आडवी झाली, आणि व्होलोस शहरातली ती शिक्षिका बाकावरून उडून लोखंडी कठड्यावर पाठीवर आदळली. देस्पिना तिचं नाव. त्यानंतर ती कधी चालली नाही.

तिसऱ्या दिवशी तू वर आलास. माझ्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसलास. म्हणालास, “ताई, परवाना गेला तर मुलं काय खातील? तू एवढंच सांग की तुला समुद्र शांत दिसला. तुझ्याकडे परवाना नाही, तुझं कोण काय काढून घेणार?” पलीकडच्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. तिथून तिनं हाक मारली, “आर्गिरो, एकुलता एक भाऊ आहे गं.” मी बंदराच्या साहेबांसमोर जाऊन सही केली. त्याआधी देवमातेच्या चित्रावर हात ठेवून तू शब्द दिलास की बाहेर काही का असेना, घरात सगळ्यांना खरं सांगेन, मुलं मोठी झाली की मुलांनाही.

माझं कोण काय काढून घेणार, असं तू विचारलं होतंस. ऐक.

स्त्रातिस रोज पहाटे माझ्या खिडकीखाली थांबायचा. “आर्गिरो, आज कशी आहे गं?” मी सांगायचे, आणि तो जाळं उचलायचा किंवा घरी परतायचा. त्याच्यामागून बाकीचे यायचे. माझं लग्न झालं नाही, शेत नाही, गावात माझी ओळख एवढीच होती की हिचा शब्द हवेबाबत चुकत नाही. त्या सहीनंतर स्त्रातिस मान खाली घालून जायला लागला. अकरा वर्षं या गावात मला कुणी हवेचं विचारलं नाही. शेजारीण कपडे वाळत घालायचे की नाही हेसुद्धा माझ्यादेखत समोरच्या घरी विचारते. आपल्या उत्तरेकडच्यांना शिव्या देता येत नाहीत. ते नुसते बोलायचे थांबतात.

आणखी एक आहे, ते तुला कधी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात त्या शिक्षिकेचा नवरा इथे आला होता. सबंध बेट चढून, माझं घर विचारत. दारात उभा राहून म्हणाला, “हवा चांगली आहे असं सांगणाऱ्या त्या तुम्हीच का?”

मी म्हणाले, “हो.”

तो आत आला नाही. पाणी मागितलं, ते मी दिलं. पेला कठड्यावर ठेवून तो म्हणाला, “मला फक्त चेहरा बघायचा होता,” आणि गेला. त्यानं थोबाडीत मारली असती तर मी झोपू शकले असते.

एवढं सगळं मी कशाच्या जिवावर सोसलं? एका घराच्या. मला वाटायचं, जगात एक तरी घर आहे, खाली मिक्रोयालीला, जिथे जेवायला बसताना माझं नाव निघालं तर माणसं क्षणभर गप्प होत असतील. कारण त्यांना माहीत आहे. फोतिनी दरवर्षी सणाला भेटकार्ड पाठवायची, त्यात ‘माझ्या लाडक्या आत्याला’ असायचं. मी ते वाचून म्हणायचे, पोरीला माहीत आहे. ती माझ्यावर दया करत होती, हे मला शनिवारी कळलं.

तू मला बुडवलंस, त्याला माझी संमती होती. पण तू मला माफ केलंस, सारांतिस. माझ्या पाठीमागे, माझ्या सहीच्या आधारावर, जेवणाच्या टेबलावर बसून माफ केलंस. ते कुणाला विचारून केलंस?

शनिवारी मी फोतिनीला काही बोलले नाही. रविवारी सकाळी उत्तरेचा वारा सुटायची लक्षणं होती. तिला गच्चीवर नेलं आणि विचारलं, “कप्तान, काय दिसतंय?”

तिनं नीट बघितलं. शिकलेली आहे, तोंडाला येईल ते बोलत नाही. “शिखरावर ढग बसलाय. कडेनं खाली ओघळतोय, पण जागचा हलत नाही. म्हणजे वारा वाढणार.”

“किती वेळात?”

“पाच तास?”

“तीन. टोकापाशी अडीच.”

ती हसली. मग हसू ओसरलं. पुन्हा डोंगराकडे वळली आणि म्हणाली, “आत्या, हे तर कुणालाही दिसेल.”

“हो.”

“त्या दिवशी ढग होता?”

खोटं बोलता आलं असतं. अकरा वर्षांची सवय आहे. मी म्हणाले, “होता. आणि सात वाजता मी तुझ्या बापाला सांगितलं होतं, येऊ नकोस म्हणून.”

वारा तिसऱ्या तासाला आला तेव्हा ती खिडकीशी बसून टोकाकडे बघत होती. संध्याकाळच्या बसला सोडायला गेले, तर माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, “आईला माहीत आहे का?” मी म्हणाले, “ते मला ठाऊक नाही, बाळ.” वासोला माहीत आहे की नाही, ते तूच जाणोस.

ती तुमच्याकडे परतलेली नाही. काळजी करू नकोस, बंदराच्या गावात मैत्रिणीकडे आहे. काल तिचा फोन आला आणि मी तो उचलला. म्हणाली, “बाबांना तूच लिही. मी विचारायला गेले तर ते काहीतरी गोड बोलतील आणि मी ऐकून घेईन. मला त्याचीच भीती वाटते.” असंही म्हणाली की तू स्वतःच्या तोंडानं तिला आणि तिच्या आईला खरं सांगेपर्यंत ती त्या बोटीवर पाय ठेवणार नाही. पाद्रीबाबांनी कितीही पाणी शिंपडलं तरी.

उद्याच्या बसमध्ये माझी तीन पाकिटं आहेत. एक हे. दुसरं बंदराच्या कचेरीला. त्यात त्या दिवशीचं सगळं लिहिलंय, तुझं आणि माझं, दोघांचं. मी खोटी सही केली, त्याची शिक्षा असेल तर मी भोगेन. तिसरं व्होलोसला. ते लिहायला मला दोन दिवस लागले आणि तरी धड जमलं नाही. हा सूड आहे का, असं तू विचारशील. थोडा आहे. सगळा नाही. त्या माणसानं चुकीचा चेहरा बघितला, ते मला आता त्याला सांगायलाच हवं.

फोतिनीनं पुढे कधी बोट घेतली, तर ती सकाळी सातला मला फोन करेल आणि मी तिला सांगेन. पाण्यावरच्या माणसाशी खोटं बोलू नये, अबोला धरू नये. ते एवढ्या वर्षांत एकदाच, त्या सहीनं मोडलं, आणि तुझ्यासाठी मोडलं.

गुडघे ठीक आहेत माझे. रविवारी येत नाही ते गुडघ्यांमुळे नाही.

आणि तूही समजूत काढायला वर येऊ नकोस. तू रडलास की मला अजूनही वाईट वाटतं, आणि ते तुला चांगलं ठाऊक आहे. गुडघ्यांवर बसायचं तर व्होलोसला जा, त्या बाईच्या खुर्चीपुढे. ते करून मग कधी या दारात आलास, तर मी उघडेन की नाही, ते आज मला सांगता येत नाही.

बहीण आहेच. ‘तुझी’ लिहायला मात्र हात धजत नाही.

आर्गिरो