जेनेपीची जागा

३ ऑगस्ट
बाटलीत तीन बोटं जेनेपी उरली, त्याच नावाच्या डोंगरी रोपाची दारू. ओदीलच्या हातची शेवटची. चाळीस काड्या, चाळीस साखरेचे खडे, चाळीस दिवस — बायकोला एवढंच गणित पाठ होतं. काड्या कुठून आणायची, ते मात्र सोबत घेऊन गेली. दोन वर्षं होतील.

तिच्या मामांना, अन्सेल्मना, पुन्हा विचारलं. वय चौऱ्याऐंशी, जीभ पंचविशीतली. "जावयाला दारू द्यावी, जागा दाखवू नये. त्यातून डावरा जावई!"

एकोणीस वर्षं याच डोंगरात राहतोय. अजून जावईच.

७ ऑगस्ट
पाऊस. जेनेपीला संस्कृत नाव शोधलं. आपल्या ऋषींनी आल्प्स पाहिला नव्हता, त्यामुळे नाही. 'रजतपर्णी' ठेवलं. ऐकायला कोणी नाही, म्हणून हरकत घ्यायलाही नाही.

ओदीलच्या वहीत एक वाळकी काडी होती, ती भिंगाखाली धरली. पानांवर रुपेरी लव — थंडीची गोधडी. घराणं सूर्यफुलाचं, पण पाकळ्यांचा थाट नाही. जो पिवळा ठिपका एक फूल वाटतो, त्यात पंधरावीस फुलं खेटून बसलेली. एवढ्याशा वाटीत केवढं कुटुंब!

जेवताना दोन ताटं मांडली गेली. एक उचललं.

१२ ऑगस्ट
सापडली, बहुतेक. ओदील नऊला निघायची, जेवायला घरी. बुटांना करडी माती. म्हणजे हिमनदीने मागे टाकलेल्या दगडगोट्यांचा चढ. तिथे एका लाल दगडाच्या कुशीत रुपेरी झुपके. खात्रीसाठी एक उपटून मामांपुढे धरला.

ते मुळांकडे बघत राहिले. "मुळासकट? जावईबापू, आमच्याकडे चोरसुद्धा कापून नेतो. पुढच्या वर्षी फुटायला नको?"

"कात्री नव्हती."

"कात्री घरून कोण नेतं? हातात दिसली की अख्खं गाव मागे. ती जागेवरच असते, दगडाखाली. ज्याची कात्री त्याची जागा. पाहिलंत तरी?"

नव्हतं पाहिलं.

१३ ऑगस्ट
रोप परत लावलं. जगेलसं वाटत नाही.

लाल दगड सरकवला. खाली पत्र्याचा डबा. त्यात ओदीलची कात्री, मुठीला तिच्या मोज्यांची हिरवी लोकर. शेजारी आणखी एक. कोरी, न वापरलेली, मुठीला तीच लोकर.

बोटं घालून पाहिली. डाव्या हाताची आहे.