पाडव्याचा चक्का

बाबा, परवा ऑफिसात नव्या लोकांना मी समजावत होते, माल किती मागवायचा ते कसं ठरवतात. विकला तर नफा, उरला तर तोटा, आणि किती खपेल त्याच्या शक्यता. यांतून प्रत्येक आकड्याचा अपेक्षित नफा काढायचा आणि तो सर्वांत जास्त येईल तेवढी ऑर्डर द्यायची. "थोडा उरला तरी चालतो," असं म्हणताना मला तो पाडवा आठवला.

स्वारगेटजवळच्या आपल्या डेअरीत पाडव्याला तुम्ही दरवर्षी चाळीस किलो चक्का मागवायचात, अंदाजानं. कधी तो पुरायचा नाही, कधी उरायचा. उरलेला दुसऱ्या दिवशी निम्म्या भावानं विकायचा, आणि तो डबा घेऊन समोरच्या सोसायटीचे जिने चढायचं काम माझं. त्या वर्षी मी कंप्युटरचा कोर्स करत होते. तुमच्याच विक्रीचे आकडे घालून गणित मांडलं आणि ऐटीत सांगितलं, "तीस पुरे." "तीस? लोक काय ताकावर पाडवा करणार?" तुम्ही म्हणालात. "बाबा, कंप्युटर सांगतोय." एवढ्यावर तुम्ही तीसचीच ऑर्डर दिलीत. वर येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगत सुटलात, "यंदाची ऑर्डर आमच्या मुलीनं काढलीय, कंप्युटरवर."

पाडव्याला सकाळी दहालाच चक्का संपला. गुढी उभारून माणसं येताहेत, कितीतरी वर्षानुवर्षांची, आणि तुम्ही प्रत्येकापुढे हात जोडून उभे. गल्ल्याशेजारी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक आजोबा म्हणाले, "अहो, 'संपले'ची पाटी लावा की, तेवढंच बोलणं वाचेल!" पाटी तुम्ही लावली नाहीत. घरासाठी ठेवलेला डबा तेवढा त्यांच्या हातात दिलात. दुपारी आपल्या पानात श्रीखंड नव्हतं, आई धुमसत होती, आणि तुम्ही तिला म्हणालात, "पोरीला काही बोलू नकोस. कंप्युटर नाही चुकला, माझीच गिऱ्हाइकं वाढली." पुढच्या पाडव्याला त्यातली बरीचशी फिरकलीच नाहीत. तोवर कंपन्यांचं तयार श्रीखंड सगळीकडे मिळू लागलं होतं. तुम्ही शेवटपर्यंत त्यालाच दोष देत राहिलात, आणि मी देऊ दिला.

हे पत्र आता कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहील माझ्याच ड्रॉवरमध्ये. त्या सोसायटीत माझ्या वर्गातला एक मुलगा राहायचा. निम्म्या भावाचा चक्का घेऊन त्याच्या दारात उभं राहायची मला लाज वाटायची. काही उरायलाच नको, म्हणून तीस. कंप्युटरनं पन्नास सांगितलं होतं, बाबा.