न उघडता दुरुस्ती

ता. ४ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मी सांगतोय आणि तुझी भावजय लिहून घेतेय. हिशेब असा: एक मिनिट वाचवलं, त्याचे पडले किमान दहा दिवस पाठीवर, तीन महिने वजन उचलणं बंद आणि यकृताला चार सेंटिमीटरची चीर. परवा वर्कशॉपमध्ये साखळीला टांगलेलं इंजिन मागून दोरी न बांधता ढकललं; ते झुलत परत आलं आणि उजव्या बरगड्यांखाली बसलं.

स्कॅनमध्ये पोटात रक्त दिसतंय, तरी सर्जन म्हणतात, उघडायचं नाही, नुसते पडून राहा. मी त्यांना सांगितलं, तीस वर्षांत न उघडता मी एक पंपसुद्धा दुरुस्त केलेला नाही. ते हसले आणि नाडी बघून निघून गेले. मला वाटतं, त्यांनी आशा सोडली. तू ऑपरेशन थिएटरात जन्म घालवलास, खरं काय ते कळव. हिला कळू देऊ नकोस म्हणणार होतो, पण तीच लिहितेय.

कान मात्र शाबूत आहेत. बाहेर लिफ्टचं बेअरिंग किंचाळतंय, आठवड्यात जाणार. मशीनच्या बाबतीत माझा कान कधी चुकलेला नाही.

लोभ आहेच, या खेपेला थोडा जास्त असू दे.

तुझा धाकटा

ता. ६ मार्च

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या वॉर्डात फोन करून सगळं विचारलं. आशा सोडलेला डॉक्टर दर चार तासांनी रक्त तपासत नाही. तुझं बीपी टिकून आहे आणि स्कॅनमध्ये नवं रक्त झिरपताना दिसलं नाही, म्हणून ते थांबलेत. चिरेवर गुठळी धरली आहे, बूच समज. पोट उघडलं की दाब जातो आणि थांबलेलं रक्त कधीकधी पुन्हा सुरू होतं. आमच्या वेळी सर्रास उघडायचे. कितीदा तरी आत सगळं आधीच थांबलेलं असायचं. बिघडलंच, तर थिएटर तयार आहे. यकृत आपलं आपण भरून येतं. तुझ्या पंपाला ते जमत नाही.

तुझं काम एकच: हलायचं नाही. लघवीलासुद्धा उठायचं नाही. लाज वाटली तर डोळे मीट. उठलास असं कळलं तर मी येऊन खाटेला बांधीन.

माया आहे म्हणूनच दटावते.

अक्का

ता. १४ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठ तारखेला आलं. दोनदा वाचलं, उशीखाली ठेवलं आणि संध्याकाळी उठलो. लिफ्टवाल्याला बेअरिंगचं सांगायला. सातव्या पावलाला डोळ्यांपुढे अंधारी आली. नाडी एकशे वीस, हिमोग्लोबिन साडेदहावरून नऊ. पुन्हा स्कॅन. थिएटर उघडायला सांगून सर्जन माझ्याजवळ आले. म्हणाले, नवी गळती दिसत नाही, दोन तास देतो, पण आता हललात तर थेट टेबलावर. ही शेजारी येऊन बसली. मी ठरवलं, या दोन तासांत पापणीशिवाय काही हलणार नाही. दोन तासांनी हिमोग्लोबिन नऊच. पुढच्या तपासणीला नऊ. सकाळीही नऊच. त्यानंतर पाच दिवस मी खाटेचाच एक भाग होतो.

आज घरी आलो. पोटावर एक टाका नाही. सर्जनना सांगून आलो, न उघडता दुरुस्ती होते, मान्य. पण निघेपर्यंत ते बेअरिंग किंचाळतच होतं, हेही सांगितलं.

असाच दटावण्याइतका लोभ राहू दे.

तुझा धाकटा

ता. क. वन्सं, हे मी माझ्या मनानं लिहितेय. यांनी सांगितलं नाही. तिथली लिफ्ट चार महिन्यांपासून बंद आहे. आवाज जेवणाच्या ट्रॉलीच्या चाकाचा होता.