नारळ माझे, नाव आईचं

ती. बिरूमामांस,

सुग्रीवचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबरदुखी आणि मामीचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील.

मामा, माझं आयुष्य एका क्षणात पलटलं. लॉकडाऊन उठला, राजूरच्या गणपतीचं दार उघडलं, आणि सोमेश्वरअण्णांच्या नारळाच्या दुकानात त्यांच्या लेकीनं, मोनिकानं माझी नोट चिमट्यानं धरून सॅनिटायझरमध्ये बुडवली. (आधी सुट्टे पैसे हातावर ठेवायची. त्या बोटांपायी मी भोकरदनचं कॉलेज बुडवायचो. पुढं सरांशी भांडून सोडूनच दिलं.) आठ दिवसांत दुकानात स्कॅनर लागला. लोक म्हणतात, कोरोनानंतर सगळे मोबाईलनं पैसे द्यायला लागले ते जंतूंच्या भीतीनं, सुट्ट्यांच्या कटकटीनं. बिलकुल न्हाई! पैशासोबत चार शब्द लिहून धाडता येतात, म्हणून! दीड वर्ष मी रोज एक नारळ घेऊन राह्यलो, अन् लिहून राह्यलो, "तुमच्याशिवाय करमत नाही." (आता आपल्या शेळ्यासुद्धा खोबरं बघून तोंड फिरवतात.)

गेल्या महिन्यात तिकडून एक रुपया आला. सोबत एकच शब्द : "मलाबी." मी भर रस्त्यात नाचलो.

काल अण्णाच बहिणीला घेऊन घरी आल्ते. पाटाची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला. माझ्या न्हाई मामा, आईच्या! स्कॅनर अण्णांच्या नंबराचा, अन् माझ्या मोबाईलमधलं खातं आईचं. म्हणजे दीड वर्ष आसराबाई सोमेश्वररावांना करमत नाही म्हणून कळवून राह्यल्या होत्या! अण्णांनी मोबाईल पुढं केला, "इतकं लिहिलं बाई, मंग आता लाजायचं कशाला?" माझं डोकं फिरलं. फेकून मारायला नारळ उचलला, पण त्यांच्या बहिणीनं तो मानाचा समजून ओटीत घेतला. आईनं सगळं वाचलं, माझ्याकडं बघितलं अन् म्हणली, "बसा, चहा टाकते."

तुम्ही थोरले भाऊ. तुमच्या होकाराशिवाय पाट लागत न्हाई. जल्दी या अन् नाही म्हणा. न्हाईतर मोनिका माझी बहीण होईल!

तुमचा भाचा,
सुग्रीव

ता. क. मोनिकाला खरं सांगून टाकलं. म्हणे, "पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण आई गेल्यापासून अण्णा नीट जेवत नव्हते, ते वाचून दोन घास जास्त जेवायला लागले, मंग मी कशाला बोलू? अन् चिमटा फक्त तुझ्यासाठी होता. बाकीच्यांच्या नोटा हातानंच घेत होते."

ता. क. २. अण्णा आत्ता पुन्हा आलेत. आतल्या खोलीत आई हसून राह्यली. बापू कोरोनात गेले तेव्हापासून हे हसणं घरात नव्हतं. मामा, या, पण हो म्हणायला या. दार आपटून निघणार होतो. हळूच लावून हे पत्र टाकायला निघालो.