निर्मलाचं वय

१६ ऑगस्ट १९७८
शाळेत तपासणी. डॉक्टर, नर्स, दाराच्या चौकटीला टांगलेला काटा. वय आमच्या पटावरून, वजन काट्यावरून, मग तक्त्यात टिंब. रेषेखाली येईल त्याला सहा महिने दूध-भुकटी.
रेषेखाली चार मुलं. बौद्धपुऱ्यातलं एकही नाही.
डॉक्टर जाताना: "चांगलं आहे गुरुजी. दोन्हीकडची पोरं वयाच्या मानानं सारखीच."
त्या पुऱ्यातली मुलं मी रोज बघतो. सारखीच?

१७ ऑगस्ट
पट काढला. निर्मला नामदेव, इयत्ता दुसरी. जन्म १ जून १९७२. तिच्या खालच्या चौघांचाही १ जून. अक्षर माझं.
कसं लिहिलं ते आठवलं. दाखला नसला की मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाकडे न्यायचा. बोटं कानाला टेकली, पाच पूर्ण. नाही टेकली, पुढच्या वर्षी या. निर्मला दोनदा परत गेली. तिची आई कौसाबाई तिसऱ्या वर्षी म्हणाली होती, "सात सरले हो गुर्जी तिचे." मी म्हणालो, हात काय सांगतो ते बघू. हात टेकला. मी पाच लिहिले.
वाढीवरून वय ठरवलं. आता वयावरून वाढ तपासली. जुळली. जुळणारच.
पुऱ्यातली एकवीस मुलं पटावर आहेत. एकवीसही अशीच.

१९ ऑगस्ट
सोनाबाईकडे गेलो. गावची सुईण. राहते पुऱ्यात, बाळंतपणं साऱ्या गावाची करते. पाटलाच्या घरी मागच्या दारानं जाते.
"पाटलाचा सुरेश अन् हे निर्मली एकाच हप्त्यातले. पहिले हे. मंग तिसऱ्या दिशी पाटलाकडून बलावनं आलं. दोघायची नाळ म्याच कापली."
सुरेशची पत्रिका आहे. चैत्र, १९७०. त्याचा हात कुणी डोक्यावरून नेला नाही. तो चौथीत.
"मंग पोट्टी दोन सालानं लहान कशी झाली?"
हात पाहिला, म्हणालो.
"हाताले काय ठाऊक, गुर्जी? खाल्ल्याबिगर हात लांब होते काय?"

२२ ऑगस्ट
रहीमभाईंच्या दुकानापुढे धान्याचा मोठा काटा टांगलेला असतो. शाळा सुटल्यावर सुरेश आणि निर्मला दोघांना घेऊन गेलो. एका पारड्यात सुरेश, दुसऱ्यात नि. सुरेश खाली, नि. सरळ वर.
सुरेश: "निर्मले, वरून काय दिसून राह्यलं?"
नि.: "तुह्या डोक्यातल्या उवा."
दुकानातले सगळे हसले. मीही.
रहीमभाई तिच्या पारड्यात ज्वारी टाकू लागले. एक माप. आणखी एक. हसणं हळूहळू थांबलं. आठ किलोंवर दांडी सरळ झाली.
 रहीमभाई ज्वारी परत पोत्यात न ओतता नि.साठी एका फडक्यात बांधायला लागले. ती घेईना. "आई मारन." पळून गेली.

२३ ऑगस्ट
पाटील स्वतः शाळेत.
"माह्या पोराले कोनासमोर तोललं, मास्तर?"
शाळेतल्या मुलीसमोर, म्हणालो. आणि त्याच दमात सुरेशची पत्रिका मागितली, एक दिवसापुरती. त्या तारखेवरून निर्मलाचं वय सिद्ध होतं.
"पत्रिका लग्नासाठी राह्यते. शेंबड्या पोट्टीच्या दुधासाठी नाई."
जाताना सुरेशच्या डोक्यावरून हात फिरवला. प्रेमळ बाप आहे. तेच जास्त झोंबलं.

२५ ऑगस्ट
हेडमास्तरांना दुरुस्तीचा अर्ज दिला. सुईणीची साक्ष जोडली.
"सुईणीचा अंगठा चालत नाही."
अख्खं गाव तिच्या हातावर जन्माला आलं. तिचा अंगठा चालत नाही.
"आणि एकीचं बदललं तर एकवीस बदलावी लागतील. वरून विचारतील, इतकी वर्षं काय करत होता?"
"काय करत होतो तेच लिहू."
"तुमची बदली होईल. उत्तरं मी देत बसेन."
अर्ज टेबलावरच राहिला. त्यावर चहाचा कप.

२७ ऑगस्ट
कौसाबाईला गाठलं. निंदणाहून येत होती, डोक्यावर गवताचा भारा. वाटलं होतं, खूश होईल.
"राहू द्या गुर्जी, सहाच राहू द्या."
"का?"
"माहा भाऊ अकोल्याले चपराशी लागला. कागदावर वय दोन सालानं कमी होतं म्हनून बसला, नाई तं गेलीच होती नोकरी. दूध सहा महिने भेटन. वय जलमभर राह्यते."
पाटलाच्या मुलाला दूधही आहे आणि वयही. हिनं दोहोंतलं एक निवडायचं. आणि निवडलं ते चूक, असं मी कोणत्या तोंडानं…

४ सप्टेंबर
गावात गोवर. वर्ग अर्धा रिकामा.

११ सप्टेंबर
सुरेश परत आला. अंगावर डाग, बाकी टुणटुणीत. पहिल्याच दिवशी मारामारी केली.
निर्मलालाही सुरेशच्याच दिवशी गोवर निघाला होता. ती अजून नाही.

१३ सप्टेंबर
तिच्या घरी गेलो. पुरळ ओसरलं, पण खोकला छातीत उतरलाय. प्रत्येक श्वासाला बरगड्या आत जातात. बाजेवर इतकी थोडी जागा लागते तिला.
मला म्हणाली, "गुर्जी, हजेरी लावली काय माही?"
लावली, म्हणालो. खोटं.
सोनाबाई बाहेर येऊन बोलली: "गोवर तोच, पोट्टे दोन. एकाच्या अंगात तूप होतं."

१४ सप्टेंबर
कौसाबाई सकाळी शाळेच्या पायरीशी. आत येईना.
"लिवा गुर्जी. आठ लिवा."
"नोकरीचं?"
"पोट्टी राह्यली तं नोकरी."
तिनं अंगठा दिला. पटावरचं १९७२ लाल शाईनं खोडलं, १९७० लिहिलं, सही केली. हेडमास्तरांनी पाहिलं. सही केली नाही. अडवलंही नाही.
बाकीच्या वीस जणांची यादी सोनाबाईला विचारून करतोय. कोण कुणाच्या आगेमागे जन्मलं ते सगळं तिला पाठ आहे. डॉक्टरांना पाठवणार. ते काय करतील, माहीत नाही.

१५ सप्टेंबर
शेलूबाजारच्या थांब्यावरून एस.टी.नं तालुक्याच्या दवाखान्यात. नि. आईच्या खांद्यावर. रांग लांब. खिडकीत कंपाउंडर, मान खाली.
"नाव?"
"निर्मला."
"वय?"
कौसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग तीच बोलली.
"आठ."
त्यानं मान वर केली. "कोन, हे? आठ? बाई, औषध वयावर राह्यते. खरं सांग."
"खरंच हाये, भाऊ."
"पाचाची बी दिसत नाई."
मी पटाचा उतारा पुढे केला. लाल खाडाखोड तशीच उतरवलेली, खाली एकच सही. तो ती खाडाखोड बघत राहिला. मागचे लोक कुरकुरायला लागले.
तेवढ्यात नि. आईच्या खांद्यावरून उठली. वय विचारलं की काय करायचं ते तिला माहीत होतं. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला. कान शोधायला वेळ लागला.
"टेकते," म्हणाली.
कंपाउंडर तिच्याकडे बघत होता. वयाचा रकाना अजून कोरा होता.