तांदळातलं नाव

राहुरी, मार्गशीर्ष १९४६

चि. इंदू,

लग्नानंतर अप्पांनी तुला दिलेलं विहिरीकाठचं शेत माझी मुलं आपल्या वाटणीत ओढताहेत. बक्षीसपत्राची नक्कल काढायला मी तीनदा रजिस्ट्रार कचेरीत गेलो.

"इंदू नावाचं काही नाही, मास्तर. सासरचं नाव सांगा," कारकून म्हणाला.

"आमची ती इंदूच, चांदण्यासारखी."

"कविता नको, नाव हवं!"

लग्नात दाजींनी ताटातल्या तांदळांत तुझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी रुसून परसात बसलो होतो. पुढे चाळीस वर्षं पत्रं दाजींच्याच नावे धाडली.

हे पत्र टाकावं, तर भावाला आपलं नावसुद्धा ठाऊक नाही हे तुला कळेल. न टाकावं, तर तुझं शेत जाईल. चार दिवस ते अर्धवट लिहून उशीखालीच आहे.

तुझा दादा,
यज्ञेश्वर