खाऱ्या पाण्याचा आळ

मी, उत्तरेश्वर वल्द धर्मराज, कौम लोहार, वय अजमासे साठ, पेशा इंजनमिस्त्री, राहणार मौजे नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड, हा वसीयतनामा लिहून ठेवतो. माझी अक्कल ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेले नाही, कोणी पाजलेले नाही. पाजायला कोणी आले असते तरी दम्यामुळे मला ती सोसत नाही. उजव्या हाताला दोन बोटे कमी असल्याने लिहिण्याचे काम बिभीषण कारकून करीत आहेत. अक्षर त्यांचे सुरेख, पण मजकूर सुधारू नये अशी त्यांना ताकीद आहे. माझी मिळकत थोडी आहे. हा कागद खरे तर कलम ५ साठी आहे.

कलम १. नांदूरघाट येथील दोन खणांचे माळवदाचे घर, परसातल्या लिंबासह, माझी बायको भिवराबाई हिचे. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी हलवू नये. दरसाल मृगाआधी माळवदावर पांढरी माती टाकावी. गेल्या साली मी टाळाटाळ केली आणि चूल भिजली, त्याचे ऐकून घेणे अजून चालू आहे.

कलम २. गाय आणि तिची कालवड मुलगी अंजना हिला. ती धर्मापुरीस दिली आहे. जावई भला माणूस, मात्र धार काढायला त्याने बसू नये. गाय लाथ मारते आणि हा दोन दिवस रुसतो.

कलम ३. तेलघाण्याच्या आप्पाने माझा मोठा पाना चार वर्षांपूर्वी नेला. तो म्हणतो परत दिला. पाना त्याने ठेवून घ्यावा, पण माझ्या दहाव्याला मिस्त्री किती थोर होता वगैरे भाषण करू नये.

कलम ४. ऐरण, भाता, राहिलेले पाने, कानशी, हातोड्या, सगळी हत्यारे माझा मेहुणा धुळाजी, राहणार लिंबागणेश, यास. हे ऐकून लोक चमकतील, कारण बारा वर्षे आम्ही एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही.

कलम ५. विठ्ठलरावांच्या पिठाच्या गिरणीवर इंजन मी चालवत होतो. इंजनाचा ठोकळा म्हणजे ज्यात पिस्टन चालतो तो ओतीव लोखंडाचा भाग. तो तापू नये म्हणून त्याच्या भिंतीत पोकळी ठेवलेली असते आणि शेजारच्या हौदातले पाणी तीतून फिरत राहते. हौद भरण्याचे काम धुळाजीकडे. गिरणीमागचा आड खारा, म्हणून पाणी अर्ध्या कोसावरच्या गोड विहिरीचेच आणायचे, हा माझा हुकूम.

१३३६ फसलीत, म्हणजे बारा वर्षांपूर्वी, ऐन सुगीत ठोकळ्याला आतून भोक पडले आणि पाणी पिस्टनवर आले. मी हौदातले पाणी चाखले. खारट. तेवढ्यावर माझे निदान झाले. दळणे घेऊन उभ्या असलेल्या गावासमोर मी म्हणालो, "आळशी हायेस बे तू. आडाचं पाणी ओतून इंजन खाल्लंस."

तो म्हणाला, "दाजी, गणपतीची आन. आडाची येक घागर बी न्हाई."

मी म्हणालो, "माजी जीभ खोटं बोलत न्हाई. तू बोलतुयास."

त्याने घागर तिथेच ठेवली आणि लिंबागणेशची वाट धरली. पुढे त्याला कोणी इंजनावर उभे केले नाही. माझ्या शब्दाला तेव्हा आठ गावांत वजन होते. भिवराबाईचे माहेर त्या दिवशी तुटले. भाऊ असून ती बारा वर्षे भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, आणि मी ते ओट्यावर बसून पाहतो.

भोकात तांब्याचा खुंटा ठोकून मी ते इंजन आणखी सात वर्षे रेटले. मग नवे आले आणि विठ्ठलरावांनी जुना ठोकळा मला देऊन टाकला. तो कामाचा आहे की मोडीचा हे पाहावे म्हणून मी त्यावर हातोडी वाजवली. आवाज बद्द आला. पोकळीत घासलेट भरून बाहेरून चुना फासला. दुसऱ्या दिवशी चुन्यावर तीन ठिकाणी पिवळे डाग उमटले, म्हणजे तिथून घासलेट झिरपत होते. तेव्हा कुठे मी खालची झाकणपट्टी उघडली. ती पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती.

खाऱ्या आडाचे पाणी असते तर आत सगळीकडे पांढरी खपली धरली असती, त्या आडावर भरलेल्या प्रत्येक हंड्यात धरते तशी. खपली कुठेच नव्हती. हौदाचे पाणी जिथून आत शिरते तिथे मात्र देवीच्या वणांसारखे खड्डे, खिळा अर्धा आत जाईल एवढे. पुढे पुढे कमी होत गेलेले. तळाच्या गंजक्या गाळात मोहरीचे दाणे आणि मिरच्यांचे देठ निघाले.

आडात मोहरी पिकत नाही. मीठ, मोहरी, मिरच्या दृष्ट काढायला लागतात, आणि उतरून झाल्या की चुलीत टाकतात. पण इंजनघरात विस्तव आणायचा नाही, चिलीमसुद्धा नाही, हा हुकूमही माझाच. मग टाकणाऱ्याने हौदात टाकले. पाण्याची वाफ होऊन जाते, मीठ मागे राहते. दर शनिवारी एक मूठ म्हटली तरी दोन वर्षांत किती होते याचा हिशेब शहाण्याने करावा.

धुळाजी गोडेच पाणी आणत होता. मीठ कोणी टाकले ते मला उमगले आहे. चांगल्या मनाने टाकले, म्हणून नाव इथे लिहीत नाही. पाच वर्षे हे माहीत असून मी गप्प राहिलो. अर्धे कारण ते नाव आणि अर्धे कारण माझी मिस्त्रीपणाची ऐट. मला त्याची लाज वाटते.

सबब माझ्या मरणानंतर दहाव्याच्या आत, बाजारच्या दिवशी, गिरणीसमोर हे कलम मोठ्याने वाचावे. धुळाजी निर्दोष आहे. गुन्हा झाकण न उघडता निदान करणाऱ्याचा आहे. दाणे कोनाड्यातल्या तंबाखूच्या डबीत आहेत, ते लोकांना दाखवावेत. ठोकळा धुळाजीस द्यावा. त्याने तो कधीही चालवू नये. भिंत जागोजाग सूतभर उरली आहे.

पुरवणी. वरील मजकूर कारकुनांनी साक्षीदारांसमोर वाचला. भिवराबाई दाराआड ऐकत होती. ती बाहेर येऊन कारकुनांना म्हणाली, "नाव लिवा, भाऊ. मीठ म्या टाकलं."

मी म्हणालो, लिहू नका, तिने इंजनाच्या भल्यासाठी केले. तिला इंजनाचा फार अभिमान, असेच मी समजून होतो.

ती म्हणाली, "त्या लोखंडाची दृष्ट म्या कशाला काढू? पट्ट्यात तुमची दोन बोटं गेल्ती. तवापून दर शनवारी, दुपारी तुमी हौदापाशी निजल्यावर, तुमच्यावरून उतरत हुते. मूठभर मिठानं लोखंड सडतं ह्ये मला आज ऐकून कळलं."

कारकुनांनी तेही लिहून घेतले. मग ती म्हणाली, "अन् ह्ये तुमी मेल्यावर वाचायचं? तुमी मरायची वाट माज्या भावानं कावून बगावी?"

तिचे म्हणणे रास्त आहे. म्हणून मरणानंतरच्या वाचनाची तजवीज रद्द. उद्या सकाळी गाडी जुंपून आम्ही दोघे लिंबागणेशला जात आहोत. डबी मी बंडीच्या खिशात घातली आहे. धुळाजी बरोबर आला तर येत्या बाजारी गिरणीसमोर त्याच्या शेजारी उभा राहून सांगेन. नाही आला तरी सांगेन. कलम १ ते ४ कायम. दिवाळीपर्यंत मी असेन किंवा नसेन, पण यंदा भिवराबाईचे ताट चंद्रापुढे जाऊ नये.

मुक्काम नांदूरघाट, चैत्र वद्य पंचमी शके १८६१, माहे खुरदाद सन १३४८ फसली.

दस्तुर खुद्द, तीन बोटांनी: उत्तरेश्वर मिस्त्री

साक्षीदार: रामकिसन वल्द धोंडीराम
साक्षीदार: आप्पा, तेलघाणेवाले (मोठा पाना आणून दिला, मग सही केली)

कायद्याने गरज नाही असे कारकून म्हणाले, तरी तिने हात पुढे केला म्हणून निशाणी घेतली: अंगठा, भिवराबाई, धुळाजीची बहीण.